मेंढपाळाने मोजलं होतं

(हितचिंतकांच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. ज्यांच्याविषयी बोलले आहे त्यांची ओळख पटू नये म्हणून गावं, वयं आणि काही तपशील बदलले आहेत.)





माझ्या आधी वसतिगृहाच्या भगिनी बोलल्या. मुलींचे दहावीचे निकाल ऐकून आपण टाळ्या वाजवल्या. मग पाण्याच्या टाकीचे फोटो पाहिले. माझ्याकडे दाखवायला फोटो नाही, आणि असता तरी मी तो दाखवला नसता. का, ते पुढे सांगते. मी आणली आहे ती ही वही. लाल पुठ्ठ्याची, दोनशे पानी, कोणत्याही दुकानात मिळते तशी. आज मी या वहीविषयीच बोलणार आहे. जेवण नुकतंच झालं आहे, त्यामुळे कोणी पेंगलं तर रागावणार नाही. पण निदान पहिली दहा मिनिटं जागे राहा.

आपल्यापैकी पुष्कळ जण मला विचारतात, "ताई, तुम्ही नक्की करता काय?" सोप्या शब्दांत सांगते. सातपुड्यात, धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांच्या डोंगरपाड्यांवर आपले आठ कार्यकर्ते फिरतात. सहा ताई, दोन दादा. बहुतेक जण दहावी-बारावी शिकलेले, तिथलेच, पावरी आणि भिलोरी बोलणारे. ज्यांना रात्र रात्र झोप नाही, जे कोणाशी बोलत नाहीत, ज्यांना कानात आवाज ऐकू येतात, जे दारूत बुडाले आहेत, बाळंतपणानंतर जी बाई बाळाकडे बघत नाही, अशांच्या घरी ते जातात, बसतात, ऐकतात. शिकवलेल्या पद्धतीने त्यांच्याशी बोलतात, आणि गरज असेल त्याला डॉक्टरांपर्यंत नेतात. मी त्या आठ जणांची पर्यवेक्षक आहे. त्यांचं काम नीट चाललं आहे ना, कोणी चुकत तर नाही, कोणी थकत तर नाही, हे बघणं माझं काम. थोडक्यात, मी रुग्णांना कमी भेटते आणि रुग्णांना भेटणाऱ्यांना जास्त भेटते.

कोणी म्हणेल, एवढ्या नाजूक कामाला दहावी शिकलेली मुलगी कशी चालेल? हा प्रश्न रास्त आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असं दिसलं की, वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांना उपचारच मिळत नाहीत. एवढे डॉक्टर आणायचे कुठून? आपल्या शेजारी गोव्यात संगाथ या संस्थेने आणि डॉ. विक्रम पटेल यांनी याचं एक उत्तर शोधलं. स्थानिक, सामान्य शिक्षण झालेल्या माणसांना नीट शिकवलं आणि त्यांच्यावर सतत देखरेख ठेवली, तर नैराश्याच्या रुग्णांना ती खरी मदत करू शकतात, हे त्यांनी मोठ्या अभ्यासांतून दाखवलं. पुढे अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला. तिथे नैराश्य असूनही मदत घेणाऱ्यांचं प्रमाण आधी ४.३ टक्के होतं, ते दीड वर्षात २७.२ टक्क्यांवर गेलं. तेव्हा हे काम होतं. पण त्यातले 'सतत देखरेख' हे दोन शब्द लोक विसरतात. मीही विसरले होते. त्याचीच साक्ष आज द्यायची आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा माझ्याकडे ही वही नव्हती. एक मोठी कापडी पिशवी होती. कार्यकर्ते भेटले की चिठ्ठ्या देत, त्या पिशवीत जात. कोणी मोबाईलवर लिहून पाठवी, कोणी बाजाराच्या दिवशी रस्त्यात थांबवून तोंडी सांगे. मला वाटायचं, सगळं माझ्या डोक्यात आहे. आणि लोक कौतुकही करायचे, "ताईंना सगळ्यांची नावं पाठ आहेत हो!" त्या कौतुकाने मी सुखावत असे.

एका सोमवारी आमच्या सर्वांत लहान ताईने मला चार चिठ्ठ्या दिल्या. तिसऱ्या चिठ्ठीत एका बाईविषयी लिहिलं होतं. नवरा दारू पिऊन मारतो, दोन महिने ती नीट जेवत नाही, आणि "आता जगून काय करायचं, असं म्हणाली." त्याखाली ताईने लिहिलं होतं, "काय करू ते सांगा."

मी चिठ्ठ्या पिशवीत ठेवल्या. संध्याकाळी वाचू म्हटलं. दुसऱ्या दिवशी प्रशिक्षणासाठी नाशिकला गेले. तिथून आले तर वार्षिक अहवाल लिहायचा होता. होय, याच मेळाव्यात वाचायचा अहवाल. त्या वर्षी आम्ही किती घरभेटी दिल्या याचा आकडा मी जुळवत बसले होते आणि ती चिठ्ठी माझ्या पायाशी, पिशवीत पडून होती. अकरा दिवस.

बाराव्या दिवशी निरोप आला. त्या बाईने जीव देण्याचा प्रयत्न केला होता. शेजारणीने पाहिलं म्हणून ती वाचली. जीपमधून ग्रामीण रुग्णालय, तिथून घाट उतरून जिल्ह्याच्या ठिकाणी. देवाच्या दयेने ती आज आहे.

मी तिला भेटायला गेले तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. मला वाटलं, ओरडेल. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "त्या पोरीला मी सांगितलं होतं. मला वाटलं कोणीतरी येईल."

आमची लहान ताई महिनाभर जेवताना रडायची. ती म्हणायची, माझ्या हातून पाप झालं. मी तिला सांगितलं, तुझ्या हातून काही झालं नाही. तू ऐकलंस, तू लिहिलंस, तू विचारलंस. तुझ्या वरच्या माणसाने वाचलं नाही.

मी बायबल कॉलेजात डिप्लोमा केला तेव्हा लूकच्या शुभवर्तमानातल्या पंधराव्या अध्यायावर, हरवलेल्या मेंढरावर, वर्गात संदेश द्यायचा होता. आम्ही सगळ्यांनी मेंढपाळाच्या प्रेमावर बोललो. त्याने काट्याकुट्यांतून कसा शोध घेतला, मेंढरू खांद्यावर कसं घेतलं, शेजाऱ्यांना बोलावून आनंद कसा केला. सर्वांनी 'आमेन' म्हटलं. पण एक साधी गोष्ट आमच्यापैकी कोणाच्याही ध्यानात आली नाही. शंभरातलं एक हरवलं हे त्याला कळलं कसं? त्याने मोजलं होतं! संध्याकाळी वाड्याच्या तोंडाशी उभं राहून, दमलेला असताना, भूक लागलेली असताना, एकेक करून मोजलं होतं. नव्याण्णव भरली तेव्हाच त्याच्या पायांना वाट सुचली. मोजलं नसतं तर त्याचं प्रेम जागच्या जागी राहिलं असतं आणि मेंढरू रानात.

रुग्णालयातून परत येताना, एसटीच्या खिडकीशी बसून, मला हा दाखला पहिल्यांदा समजला. चांदसैलीचा घाट संपेपर्यंत मी ठरवलं की पिशवी बंद.

आता वहीत काय आहे ते सांगते. कारण आपल्यापैकी कोणी मंडळीत आजाऱ्यांच्या भेटीचं काम पाहतं, कोणी बचत गट चालवतं, कोणी शाळेत आहे. त्यांनाही उपयोग होईल.

पहिली गोष्ट, एक माणूस, एक ओळ. आज या वहीत ९४ ओळी आहेत. त्यात नावं नाहीत, क्रमांक आहेत. क्रमांकाचं नाव कोणतं, ते दुसऱ्या छोट्या वहीत असतं. ती कुलपात असते. ओळीत लिहिलेलं असतं ते असं: कोणत्या ताईची किंवा दादाची जबाबदारी, शेवटची भेट कधी झाली, पुढची भेट कोणत्या तारखेला, गोळ्या चालू असतील तर कोणत्या दिवशी संपतात, आणि शेवटी एक खूण. पुढच्या भेटीचा रकाना कधीच रिकामा ठेवायचा नाही. "बघू", "लवकरच", "जमेल तेव्हा" हे शब्द त्यात चालत नाहीत. तारीखच पाहिजे. ज्या दिवशी हा नियम केला त्या दिवशी कळलं की, आम्ही ज्यांना "आपले लोक" म्हणत होतो त्यांतल्या कित्येकांना महिना महिना कोणी भेटलंच नव्हतं. कोणाच्या मनात वाईट नव्हतं. जो पाडा रस्त्यावर आहे तिथे पाय आपोआप वळतात. जो दोन डोंगर ओलांडून आहे, तिथे "पुढच्या आठवड्यात".

दुसरी गोष्ट, लाल खूण. आमचे कार्यकर्ते नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली वापरतात. जगभर नैराश्य ओळखायला ती वापरतात. गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी होती, भूक कशी होती, कशात मन लागलं का, असे प्रश्न. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. आधी आमच्या ताई तो प्रश्न विचारायलाच घाबरायच्या. वाटायचं, आपण विचारलं तर तिच्या डोक्यात नको ते येईल. तसं होत नाही. जिच्या मनात तो विचार आहे तिला कोणीतरी सरळ, प्रेमाने विचारलं की उलट तिचा श्वास मोकळा होतो. आता नियम असा की, या प्रश्नाला 'हो' आलं तर त्या माणसाला एकटं सोडायचं नाही, घरातलं फवारणीचं औषध दुसरीकडे हलवायचं, घरातल्या एका शहाण्या माणसाला सोबत घ्यायचं, आणि त्याच दिवशी मला कळवायचं. चिठ्ठी नाही. बोलणं.

आपण म्हणाल, डोंगरात रेंज कुठे असते? नसते. म्हणून वहीच्या मागच्या पानावर आम्ही रेंजच्या जागा लिहिल्या आहेत. कोणत्या पाड्यावर कोणत्या टेकाडावर, कोणत्या झाडाखाली फोन लागतो ते. नर्मदेकाठच्या पाड्यांसाठी बोट किती वाजता निघते तेही. माझा फोन लागला नाही तर दुसरा नंबर कोणाचा, तो लागला नाही तर तिसरा कोणाचा, हे ठरलेलं आहे. शिवाय १४४१६ हा सरकारचा टेली-मानस क्रमांक प्रत्येकाला पाठ आहे. २०२२ च्या ऑक्टोबरपासून तो सुरू आहे, दिवसरात्र आणि फुकट. आणि जीव देण्याचा प्रयत्न केलेल्या माणसाच्या घरचे पोलिसांच्या भीतीने त्याला लपवत असतील, तर त्यांना काय सांगायचं हेही ताईंना शिकवलं आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातलं ११५ वं कलम अशा माणसाला गुन्हेगार समजत नाही. तो तीव्र ताणाखाली होता असं धरतं, आणि त्याची काळजी घेणं सरकारचं कर्तव्य ठरवतं. हे ऐकल्यावर घरचे दार उघडतात.

तिसरी गोष्ट, प्रत्येकाचा तास. आठ कार्यकर्त्यांपैकी प्रत्येकाला आठवड्यात माझा एक तास ठरलेला आहे. शक्यतो समोरासमोर, पावसात रस्ता बंद असेल तर फोनवर. त्या तासात मी दुसरं काही करत नाही. तासाचा क्रमही ठरलेला आहे. आधी लाल खुणा. मग ज्यांची भेट चुकली ते. मग नवीन माणसं. मग गोळ्या. आणि शेवटची दहा मिनिटं तिची स्वतःची. "तू कशी आहेस?"

पूर्वी मी उलट करायचे. चहा, गप्पा, चांगल्या बातम्या, मग प्रवासखर्चाची बिलं, आणि निघताना दारात उभं राहून, "अगं ताई, एक सांगायचं राहिलं..." ते राहिलेलंच सर्वांत महत्त्वाचं असायचं. माणसाचा स्वभाव आहे, अवघड गोष्ट तो दारापर्यंत नेतो. म्हणून अवघड गोष्ट आधी.

ती शेवटची दहा मिनिटं मात्र मी कापत नाही, कितीही घाई असो. एकदा आमचे एक दादा, दारू सोडवण्याचं काम करणारे, तीन आठवडे "ठीक आहे" म्हणत होते. चौथ्या आठवड्यात रडले. ज्या घरात ते जात होते तिथला बाप त्यांच्या स्वतःच्या बापासारखाच होता. मी ते घर दुसऱ्या कार्यकर्त्याकडे दिलं. वहीत फक्त एक नाव बदललं. पण ते नाव बदललं नसतं तर आम्ही एक चांगला दादा गमावला असता.

चौथी गोष्ट, आमचं कॅलेंडर. पुण्या-मुंबईच्या दवाखान्यात 'तीन महिन्यांनी या' म्हणतात. आमच्याकडे महिने वेगळे आहेत. दिवाळीच्या आसपास पाडेच्या पाडे ऊसतोडीला जातात, गुजरातेत आणि इकडे कारखान्यांवर. होळीला परत येतात, कारण सातपुड्यात होळी चुकवणं म्हणजे काय ते तिथल्या माणसालाच विचारा. मग मोहाची फुलं वेचायचे दिवस, मग पेरणी, मग पावसात दरडी कोसळून बंद झालेले रस्ते. रुग्णाची भेट या चक्रात बसवावी लागते.

एक तरुण मुलगा आहे. त्याला आवाज ऐकू यायचे, तो रानात निघून जायचा, घरच्यांनी कंटाळून बांधून ठेवलं होतं. भगताकडे नेऊन झालं होतं. आमच्या ताईने त्याला जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार तज्ज्ञांकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या, हळूहळू तो माणसांत आला, शेळ्या राखू लागला. दिवाळीआधी वही चाळताना दिसलं की, त्याच्या गोळ्या संपायची तारीख आणि त्याचं घर ऊसतोडीला निघायची तारीख यांत चारच दिवसांचं अंतर आहे. घरच्यांनी ताईला काही सांगितलं नव्हतं. त्यांना त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नव्हतं. "बरा झाला ना आता!" आम्ही धावपळ करून डॉक्टरांकडून पुढच्या दिवसांच्या गोळ्या घेतल्या, मोठ्या भावाला कोणती कधी द्यायची ते शिकवलं, मुकादमाचा फोन नंबर वहीत लिहिला. ताई दर रविवारी उपासनेनंतर त्या मुकादमाला फोन करायची. तो वैतागायचा, पण भावाला बोलवायचा. होळीला मुलगा परत आला. ढोल वाजवताना मी त्याला पाहिलं.

पण तोच हिशेब दुसऱ्या एका घरी चुकला. ते लोक ठरल्यापेक्षा आठवडाभर आधी निघून गेले, मुकादम बदलला, फोन लागेना. ती बाई परत आली तेव्हा आजार पहिल्यापेक्षा बळावला होता. वहीने सगळं सुटतं असं मी म्हणत नाही. पण ती बाई कुठे निसटली हे आम्हाला त्याच आठवड्यात कळलं होतं, आणि ती परतली त्या दिवशी तिच्या दाराशी कोणीतरी उभं होतं.

भगताचं नाव निघालं म्हणून सांगते. आपल्यापैकी काहींना हे आवडणार नाही, पण आम्ही कोणाला "भगताकडे जाऊ नका" असं सांगत नाही. आम्ही सांगतो, "गोळी बंद करू नका." कोणी पोरीला बांधत असेल, चटके देत असेल, एखाद्या बाईला डाकीण ठरवत असेल, तर मात्र गप्प बसत नाही. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा त्यासाठीच आहे. आणि खरं सांगू? एका घरी गोळी भगताने नव्हे, आपल्याच एका विश्वासणाऱ्या बंधूने बंद करायला लावली. "विश्वास आहे तर गोळी कशाला?" तो बंधू स्वतः मधुमेहाची गोळी रोज घेतो! मधुमेहाला औषध चालतं आणि मनाच्या आजाराला चालत नाही, हे कोणत्या अध्यायात लिहिलं आहे ते मला अजून सापडलेलं नाही.

आता पाचवी गोष्ट, आणि ती थेट आपल्याशी संबंधित आहे. गुप्तता. दर महिन्याला मला प्रेमळ फोन येतात. "ताई, आमच्या प्रार्थना गटाला नावं द्या. नाव घेऊन प्रार्थना केली की ओझं येतं." काही जण फोटो मागतात. मी जाणते की, हे प्रेमाने मागितलं जातं. पण मी देणार नाही. कायद्यानेही रुग्णाला गुप्ततेचा हक्क दिला आहे, त्याच २०१७ च्या कायद्याचं २३ वं कलम. आणि कायदा नसता तरी विचार करा. पाडा केवढा असतो? तीस-चाळीस घरं. तिथल्या कोणाचा चुलतभाऊ आपल्याच वसतिगृहात शिकतो, कोणाची मावशी आपल्याच दवाखान्यात झाडू मारते. आपल्या गटातलं नाव फिरत फिरत आठवड्यात पाड्यावर पोचतं. मग त्या मुलीचं लग्न मोडतं. मग पुढची बाई आमच्या ताईला काही सांगत नाही. आपण मिटल्या डोळ्यांनी घेतलेलं नाव तिच्यासाठी उघड्या बाजारात घेतल्यासारखं होतं.

म्हणून मी आपल्याला क्रमांक देते. हसू नका, खरंच देते. "क्रमांक ३७ साठी प्रार्थना करा." ज्या मेंढपाळाने मोजलं त्याला ३७ कोण हे ठाऊक आहे. आपल्याला ठाऊक नसलं तरी चालेल.

शेवटची गोष्ट माझ्याविषयी. त्या घटनेनंतर एक वर्ष मी वहीची गुलाम झाले होते. रात्री दोनला उठून ओळी तपासायची. सुटी घेत नव्हते. वाटायचं, मी नसले तर पुन्हा कोणीतरी निसटेल. तेव्हा आमच्या वयस्क पाळकांनी मला निर्गमचा अठरावा अध्याय वाचायला लावला. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे वाद ऐकत बसलेला असतो. त्याचा सासरा इथ्रो त्याला सांगतो की, हे काही बरं नाही, तू थकशील आणि लोकही थकतील. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. पाळक मला म्हणाले, "ताई, इथ्रोने मोशेला जास्त प्रार्थना कर असं सांगितलं नाही. कामाची वाटणी कर असं सांगितलं."

आता ही वही दोघींकडे असते. एक महिना मी, एक महिना आमच्यातली एक अनुभवी ताई. ती माझ्या चुका शोधते आणि मला त्या दाखवते, हसतसुद्धा नाही. महिन्यातून एकदा मी स्वतः, माझ्या अवघड ओळी घेऊन, एका अनुभवी मानसोपचार तज्ज्ञांशी फोनवर बोलते. देखरेख करणाऱ्यावरही देखरेख पाहिजे. आणि रविवारी वही कपाटात. रविवारी लाल खुणेचा फोन दुसऱ्या कोणाकडे असतो. पहिल्या चार रविवारी मला उपासनेत लक्षच लागलं नाही. पाचव्या रविवारी लागलं.

ज्या बाईपासून सुरुवात केली तिचं सांगते. तिच्या परवानगीने सांगते, मी तिला विचारून आले आहे. त्या वहीतली पहिली ओळ तिची होती. नवरा सुधारला असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. तो फारसा सुधारलेला नाही. पण ती आता भावाच्या घराशेजारी वेगळी राहते, कोंबड्या पाळते. झोप लागते. मध्येच वाईट दिवस येतात तेव्हा स्वतःच निरोप पाठवते. तिची खूण कधीच पुसली आहे, पण ओळ मी काढलेली नाही. दर दोन महिन्यांनी तिच्या पुढे तारीख पडते आणि कोणीतरी जातं. गेल्या वेळी मी गेले होते. तिने भाकरी वाढली आणि म्हणाली, "आता तुम्ही सांगितलेल्या दिवशी येता." मला आजवर मिळालेल्या कोणत्याही प्रशस्तिपत्रापेक्षा ते वाक्य मोठं आहे.

तेव्हा आपल्याकडे माझ्या चार विनंत्या. एक, नावं आणि फोटो मागू नका. दोन, आपल्या दानाचा काही भाग एसटीच्या तिकिटांवर, फोनच्या रिचार्जवर, कुलपाच्या पेटीवर आणि वह्यांवर खर्च होतो. अहवालात ते किरकोळ खर्च म्हणून दिसतं. ते किरकोळ नाही, त्याला आनंदाने मान्यता द्या. तीन, आपल्याच मंडळीत, आपल्याच बाकावर कोणी बरेच रविवार दिसलं नाही, तर मोजा. फोन करा, घरी जा. कोणी जगण्याला कंटाळल्याचं बोललं तर उपदेश करू नका. जवळ बसा, सरळ विचारा, त्याला एकटं सोडू नका, आणि १४४१६ ला फोन करा किंवा दवाखान्यात न्या. चार, आमच्या आठ कार्यकर्त्यांसाठी प्रार्थना करा. त्यांचीही नावं सांगत नाही. आठ एवढं लक्षात ठेवा.

उद्या सोमवार. सकाळी आठला लहान ताईचा तास आहे. ती आता लहान राहिलेली नाही, पण आम्ही तिला अजून तसंच म्हणतो. तिच्याकडे बारा ओळी आहेत, त्यांतल्या दोन लाल. म्हणून आज रात्रीच्या गाडीने मला निघायचं आहे. चहाला थांबता येणार नाही, राग मानू नका.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.